धुराड्यातून न निघालेला धूर

धूलिकण (धागाकर्ती)

परवा हवेतले कण गोळा करणाऱ्या यंत्रातून, म्हणजे सॅम्पलरमधून, एक फिल्टर काढला. ४७ मिलिमीटर व्यासाची पांढरी चकती चोवीस तासांपूर्वी आत ठेवली होती, बाहेर आली ती राखाडी होऊन. हे यंत्र मिनिटाला सुमारे १६.७ लिटर हवा ओढतं, म्हणजे दिवसात २४ घनमीटर. माणूस दिवसभरात साधारण याच्या निम्मी हवा आत घेतो. एरोसोलच्या, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांच्या, अभ्यासात बरीच वर्षं काढली आहेत, तरी चिमट्याने चकती उचलताना हा हिशोब दरवेळी मनात येतोच.

धागा काढण्याचं कारण वेगळं आहे. हा राखाडी थर कुठल्या तरी गाडीतून किंवा चिमणीतून जसाच्या तसा निघाला आणि उडत फिल्टरवर येऊन बसला, अशी बहुतेकांची समजूत असते. फिल्टरचा तुकडा पाण्यात भिजवून ते पाणी आयन क्रोमॅटोग्राफमधून (विरघळलेले क्षार वेगळे करून मोजणारं यंत्र) सोडलं की वेगळंच दिसतं. सल्फेट, नायट्रेट आणि अमोनियम हे तिघे ठळकपणे हजर असतात. अमोनियम नायट्रेट कुठल्याही धुराड्यातून बाहेर पडत नाही. धुराड्यातून निघतात वायू, आणि त्यांचे कण हवेत बनतात, कधी तासाभरात, कधी दोन-चार दिवसांनी, उगमापासून शेकडो किलोमीटर लांब.

कोळसा आणि जड तेल जळताना सल्फर डायऑक्साइड निघतो. हवेत त्याचं ऑक्सिडीकरण होऊन सल्फ्युरिक आम्ल बनतं. इंजिनांच्या आणि भट्ट्यांच्या उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जोडला जातो आणि त्यातून पुढे नायट्रिक आम्ल. तिसरा अमोनिया, जो मुख्यतः नत्रखतांतून आणि जनावरांच्या मलमूत्रातून येतो. आम्ल आणि अमोनिया भेटले की क्षार, आणि क्षार म्हणजे कण. यांच्या जोडीला असंख्य सेंद्रिय, म्हणजे कार्बनयुक्त, वायू असतात. ऑक्सिडीकरण होता होता ते जड होतात, वायुरूपात राहवत नाही आणि असलेल्या कणांवर जाऊन बसतात. काजळी आणि धूळ थेट येतात हे खरं. पण अनेक शहरांत पीएम २.५ च्या, म्हणजे अडीच मायक्रोमीटरपर्यंतच्या बारीक कणांच्या, वजनातला निम्म्याहून जास्त वाटा या हवेत जन्मलेल्या, म्हणजे दुय्यम कणांचा असतो.

एवढा मोठा वाटा डोळ्यांना दिसणाऱ्या धुरातून येतच नसेल, तर फक्त दिसणारा धूर बंद करून भागणार नाही. मला या धाग्यात हेच मांडायचं आहे. प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देते.

सांजवारा

उत्तम विषय. एक मूलभूत शंका. सल्फर डायऑक्साइडचं ऑक्सिडीकरण होतं म्हणालात, पण हवेत २१ टक्के ऑक्सिजन असताना ते लगेच का होत नाही? आणि शेवटी ते करतं कोण?

धूलिकण

अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंत. हवेतला साधा ऑक्सिजन नेहमीच्या तापमानाला फार सुस्त असतो. मिथेन, कार्बन मोनॉक्साइड, सल्फर डायऑक्साइड यांच्याकडे तो ढुंकूनही पाहत नाही. हे काम करतो हायड्रॉक्सिल नावाचा मुक्त मूलक, म्हणजे एक ऑक्सिजन आणि एकच हायड्रोजन. पाण्याच्या रेणूतला एक हायड्रोजन काढून घेतला की जे उरेल ते. त्याला तो हरवलेला हायड्रोजन परत हवा असतो, म्हणून समोर येईल त्या रेणूवर तो झडप घालतो.

तो जन्मतो ओझोनपासून. अतिनील किरण ओझोनला फोडतात, त्यातून बाहेर पडलेला उत्तेजित ऑक्सिजन अणू बाष्पाच्या रेणूला धडकतो आणि दोन हायड्रॉक्सिल तयार होतात. ऊन, ओझोन आणि दमटपणा असला की झालं. आयुष्य जेमतेम सेकंदभर. भर दुपारी एका घनसेंटिमीटर हवेत हे असतात काही दशलक्ष, आणि त्याच घनसेंटिमीटरमध्ये हवेचे एकूण रेणू असतात २.५ गुणिले दहाचा एकोणिसावा घात.

खालच्या वातावरणात हा मूलक एवढं काम करत असेल असं बराच काळ कुणाला वाटलं नव्हतं. १९७१ मध्ये हायरम लेव्ही यांनी हे गणित मांडलं आणि वातावरणाच्या रसायनशास्त्राची मांडणीच फिरली. मिथेन सुमारे दशकभर टिकतो, कार्बन मोनॉक्साइड एक-दोन महिने, झाडांतून येणारा आयसोप्रीन दिवसा तासा-दोन तासांत संपतो. हे सगळे आकडे मुख्यतः हायड्रॉक्सिल ठरवतो. त्याला वातावरणाचा सफाई कामगार म्हणतात ते यामुळेच. तो वायूंना पाण्यात विरघळणाऱ्या रूपात आणतो आणि मग पाऊस ते धुऊन नेतो.

पण पावसाच्या आधी याच सफाईत कण तयार होतात. हवा स्वतःला धुते आणि त्या धुण्यातूनच धुकट मळ निघतो. मला या विषयाची ओढ लागली ती या एका गोष्टीमुळे.

सांजवारा

सेकंदभर जगणारी आणि इतकी विरळ गोष्ट मोजतात कशी?

धूलिकण

दोन वाटा आहेत. एका जागी मोजायचं तर हवा कमी दाबाच्या कक्षात ओढून घेतात, तिच्यावर विशिष्ट तरंगलांबीचा लेसर सोडतात आणि हायड्रॉक्सिलची चमक मोजतात. अत्यंत नाजूक काम आहे आणि जगात हे नीट करणारे गट मोजकेच.

साऱ्या पृथ्वीची सरासरी काढायची वाट मात्र फार सुंदर आहे. मिथाइल क्लोरोफॉर्म नावाचं एक औद्योगिक द्रावक होतं. निसर्गात ते बनत नाही, कारखान्यांनी किती बनवलं याच्या नोंदी होत्या, आणि हवेतून ते नाहीसं होतं ते प्रामुख्याने हायड्रॉक्सिलमुळे. ओझोनचा थर वाचवण्यासाठी झालेल्या मॉन्ट्रियल करारानंतर त्याचं उत्पादन बंद पडलं आणि हवेतलं प्रमाण घसरू लागलं. ते किती वेगाने घसरतं यावरून जगभर मिळून हायड्रॉक्सिल किती आहे ते काढता आलं.

अवकाळी

वाचतोय. मध्येच एक विचारतो. झाडंसुद्धा प्रदूषण करतात असं एका ठिकाणी वाचलं होतं. तुम्ही आयसोप्रीनचा उल्लेख केलात म्हणून आठवलं. यात तथ्य किती?

पर्णिका

मी वनस्पतिशास्त्राची, म्हणून याचं उत्तर मी देते.

बरीच झाडं, विशेषतः ओक, पॉप्लर, निलगिरी यांच्यासारखी, दिवसा उन्हात आयसोप्रीन सोडतात. जगभरचा अंदाज वर्षाला सुमारे ५० कोटी टन कार्बनइतका आहे. माणसाच्या सगळ्या उद्योगांतून निघणाऱ्या असल्या सेंद्रिय वायूंपेक्षा हा आकडा मोठा आहे. आत्मसात केलेल्या कार्बनमधला एक-दोन टक्के भाग झाड अशा रीतीने हवेत सोडून देतं. एवढी उधळण का? अचानक वाढणाऱ्या उष्णतेचा आणि ऑक्सिडीकरणाचा ताण पानाला यामुळे सोसतो, असं प्रयोगांतून दिसतं. तापमान वाढतं तसं उत्सर्जनही झपाट्याने वाढतं, साधारण ४० अंशांपर्यंत.

पाइनसारख्या झाडांचं निराळं. त्यांच्या राळेत मोनोटर्पीन साठवलेले असतात आणि ते रात्रीही झिरपत राहतात. जंगलात शिरल्याबरोबर येणारा वास त्यांचाच.

फ्रिट्स वेंट या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९६० मध्ये लिहिलं होतं की दूरच्या डोंगरांवर दिसणारा निळसर धूसरपणा हा झाडांतून निघालेल्या या वायूंपासून हवेत बनलेल्या बारीक कणांचा आहे. त्या काळी ते धाडसाचं विधान होतं. आज ते मूळ कल्पनेत बरोबर ठरलंय.

धूलिकण

पर्णिका, मनापासून आभार. यात एक भर घालते.

झाडांचे वायू हे प्रदूषण आहे की नाही, हे हवेत त्यांच्या सोबतीला कोण आहे यावर ठरतं. नायट्रोजनचे ऑक्साइड नसलेल्या स्वच्छ हवेत आयसोप्रीन ओझोन वाढवत नाही, उलट थोडा खातोच. वाहनांचा धूर मिसळलेल्या हवेत तोच आयसोप्रीन ओझोन बनवायला हातभार लावतो. झाडं लाखो वर्षं तेच करत आली आहेत. आपण सोबतीला नायट्रोजन ऑक्साइड आणून ठेवले. त्यामुळे झाडं तोडून हवा सुधारेल असं कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. शहरात नवी झाडं लावताना कमी आयसोप्रीन सोडणाऱ्या जाती निवडाव्यात, एवढं मात्र जरूर म्हणता येतं.

आणि पहिला कण कसा जन्मतो हे फार काळ कोडंच होतं. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत क्लाउड नावाचा प्रयोग चालतो. २६ घनमीटरच्या अतिस्वच्छ पोलादी कक्षात मोजूनमापून वायू सोडतात आणि कण जन्मताना बघतात. सल्फ्युरिक आम्ल, पाणी आणि अमोनिया यांच्या जोरावर जमिनीलगत प्रत्यक्ष दिसतात तितके कण जन्मत नाहीत, हे तिथे २०११ मध्ये कळलं. पुढे अमाइन (अमोनियाच्या जातकुळीतले सेंद्रिय वायू) आणि झाडांच्या वायूंपासून बनलेले ऑक्सिजनने गच्च भरलेले रेणू या खेळात असतात हे उलगडलं. काही नॅनोमीटरचा हा कण वाढत वाढत ५०-१०० नॅनोमीटरपर्यंत पोचला तर त्यावर ढगाचा थेंब बसू शकतो. बरेचसे त्याआधीच मोठ्या कणांना चिकटून संपतात.

गणिती

हे कण खाली बसत का नाहीत याचा हिशोब करून पाहिला, तो इथे देतो.

१० मायक्रोमीटरचा कण स्थिर हवेत तासाला दहा-अकरा मीटर खाली येतो. १ मायक्रोमीटरचा कण दिवसाला तीनच मीटर. ०.१ मायक्रोमीटरचा कण तर पडतोय असं म्हणण्यातच अर्थ नाही, रेणूंच्या धडकांनी तो नुसता भरकटत राहतो. फार बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, फार जाड खाली बसतात, आणि ०.१ ते १ मायक्रोमीटरमधल्यांना दोन्ही वाटा बंद. ते साधारण आठवडाभर तरंगत राहतात, पाऊस येऊन नेईपर्यंत. नेमके हेच कण प्रकाश सर्वांत जास्त विखुरतात, म्हणून क्षितिज धूसर दिसतं, आणि हेच फुप्फुसात खोलवर जातात.

याच ओघात दुसरा हिशोब. चौकाचौकात हवा गाळणारे मोठे मनोरे उभारावेत असं सुचवलं जातं. एक चौरस किलोमीटर जागेवर ५०० मीटर उंचीचा हवेचा थर धरा. ५० कोटी घनमीटर हवा झाली. वारा अगदी मंद, सेकंदाला दोन मीटर असला तरी सव्वाआठ मिनिटांत ती सगळी हवा बदलून नवी येते. आता सेकंदाला हजार घनमीटर हवा गाळणारा प्रचंड मनोरा घ्या. सव्वाआठ मिनिटांत तो गाळेल ५ लाख घनमीटर, म्हणजे हजारातला एक भाग. बंद खोलीत गाळणी उपयोगी पडते कारण तिथली हवा बदलायला वेळ लागतो. उघड्यावर हे गणित जमत नाही.

धूलिकण

गणिती, हे इतकं स्वच्छ मांडलंत की आता कुणी विचारलं तर तुमचा प्रतिसाद दाखवीन. एक गोष्ट जोडते. मनोरा कण गाळतो, वायू तसेच पुढे जातात आणि मनोऱ्यापलीकडे त्यांचे पुन्हा कण बनतात.

दूरवरून

२०२० च्या टाळेबंदीत वाहनं थांबली, नायट्रोजन डायऑक्साइड उपग्रहातूनही कमी झालेला दिसला. तरी अनेक शहरांत जमिनीलगतचा अपायकारक ओझोन वाढला. मला हे कधीच नीट समजलं नाही. प्रदूषण कमी केल्यावर प्रदूषण वाढतं कसं?

धूलिकण

याला जरा सविस्तर उत्तर द्यायला हवं, कारण इथेच अनेक शहरांचे बेत फसले आहेत.

आधी थोडा इतिहास. जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिसवर डोळे झोंबवणारी धुरकट हवा उतरली. लंडनच्या कोळशाच्या धुक्याहून ही निराळी होती. गरम, कोरड्या, उन्हाच्या दिवसांत यायची, आणि रबराला चिरा पडायच्या. कॅलटेक या कॅलिफोर्नियातल्या संस्थेतले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट तेव्हा अननसाचा वास कशाकशाने बनतो याचा अभ्यास करत होते. वासाचे रेणू अगदी कमी प्रमाणातून गोळा करायची हातोटी त्यांच्याकडे होती, तीच त्यांनी बाहेरच्या हवेवर वापरली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दाखवलं की गाड्यांतून आणि तेलशुद्धीकरणातून निघणारे हायड्रोकार्बन, नायट्रोजनचे ऑक्साइड आणि ऊन एकत्र आले की ओझोन बनतो. ओझोन मोजायला त्यांनी ताणलेल्या रबराच्या पट्ट्या वापरल्या. चीर किती वेळात पडते यावरून प्रमाण कळायचं. म्हणजे कुठल्याही नळकांड्यातून न निघणारा ओझोन हेच त्या शहराचं मुख्य प्रदूषण निघालं.

आता तुमचा प्रश्न. उन्हात नायट्रोजन डायऑक्साइड फुटतो, सुटलेला ऑक्सिजन अणू ऑक्सिजनच्या रेणूला जुळून ओझोन होतो. पण उरलेला नायट्रिक ऑक्साइड तोच ओझोन खाऊन पुन्हा नायट्रोजन डायऑक्साइड बनतो. एवढंच असतं तर जमाखर्च बरोबर सुटला असता. सेंद्रिय वायूंचं ऑक्सिडीकरण होताना जे पेरॉक्सी मूलक बनतात, ते नायट्रिक ऑक्साइडला ओझोन न खाताच डायऑक्साइड करून टाकतात. खर्च थांबतो, जमा चालू राहते, ओझोन साठत जातो.

जिथे नायट्रोजनचे ऑक्साइड अतोनात आहेत, त्या शहराच्या मध्यभागी दोन गोष्टी ओझोनला दाबून ठेवतात. ताजा नायट्रिक ऑक्साइड ओझोन खात असतो, आणि नायट्रोजन डायऑक्साइड हायड्रॉक्सिललाच पकडून नायट्रिक आम्ल बनवतो, म्हणजे सगळा कारखाना मंदावतो. अशा ठिकाणी नायट्रोजनचे ऑक्साइड थोडेसेच कमी केले तर हा दाब सुटतो आणि ओझोन वर उसळतो. लॉस एंजेलिसमध्ये हे कित्येक वर्षं दर शनिवार-रविवारी दिसायचं. ट्रक कमी, ओझोन जास्त.

डोंगराची धार डोळ्यांपुढे आणा. एका उतारावर नायट्रोजन ऑक्साइड जास्त, दुसऱ्यावर कमी, आणि माथ्यावर ओझोन सर्वाधिक. जास्त असलेल्या उतारावरचं शहर ते कमी करू लागलं की आधी माथ्याकडे चढतं, आणि माथा ओलांडला की मगच उतरतं. मधेच घाबरून थांबलं तर सर्वांत वाईट जागी अडकतं. म्हणून सेंद्रिय वायू बरोबरीने कमी करायचे आणि नायट्रोजन ऑक्साइडची कपात अर्ध्यावर सोडायची नाही. टाळेबंदीतल्या ओझोनवरून वाहनांचा धूर चांगला, असा अर्थ कुणी काढू नये.

अवकाळी

+१. हा प्रतिसाद वेगळा धागा व्हायला हवा.

कोरडवाहू

मला थोडं विरोधात बोलायचं आहे. माहिती उत्तम आहे, शंका नाही. पण असल्या गुंतागुंतीचा वापर काही न करण्यासाठी होतो हे मी पाहत आलोय. "आधी अभ्यास होऊ दे, हवेचं रसायन अवघड आहे" असं म्हणत वर्षं जातात आणि लोक तीच हवा घेत राहतात. काय जाळू नये हे कळायला हायड्रॉक्सिल कशाला समजायला हवा?

धूलिकण

कोरडवाहू, तुमचा राग मला समजतो आणि बऱ्याच अंशी पटतोही.

लंडनमध्ये ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत कोळशाच्या धुराने शहर गुदमरलं. तेव्हा मृत्यूंचा अंदाज सुमारे चार हजार होता, नंतरच्या विश्लेषणात तो बारा हजारांपर्यंत गेला. चार वर्षांत, १९५६ मध्ये, स्वच्छ हवेचा कायदा झाला. त्या धुक्याच्या थेंबांत सल्फर डायऑक्साइडचं इतक्या लवकर आम्ल कसं झालं यावर शास्त्रज्ञ त्यानंतर साठ वर्षांनीही लिहीत होते. कायदा त्यांच्यासाठी थांबला नाही, आणि तेच योग्य झालं. अमेरिकेतल्या सहा शहरांतल्या ८,१११ प्रौढांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांत प्रदूषित शहरात मृत्यूचं प्रमाण सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्क्यांनी जास्त निघालं, धूम्रपानाचा परिणाम वेगळा काढूनसुद्धा. कणांचं रसायन त्यात फारसं नव्हतं, तरी पीएम २.५ ची मानकं त्यावर उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटनेने वार्षिक सरासरीची मार्गदर्शक मर्यादा २००५ मध्ये घनमीटरला १० मायक्रोग्रॅम ठेवली होती, २०२१ मध्ये ती ५ वर आणली. म्हणजे आपण समजत होतो त्याहून कमी प्रमाणातही अपाय होतो.

तेव्हा सुरुवात करायला रसायन लागत नाही, हे मान्य. ते लागतं सुरुवातीच्या सोप्या पावलांनंतर. एक उदाहरण देते. सल्फ्युरिक आम्ल अमोनियाला आधी पकडतं. त्यातून उरलेला अमोनिया नायट्रिक आम्लाच्या वाट्याला येतो. युरोप, अमेरिका, चीन इथे सल्फर डायऑक्साइड भरपूर कमी झाला. त्यामुळे सल्फेट घटलं, पण मोकळा झालेला अमोनिया हिवाळ्यात नायट्रेट बनवू लागला आणि पीएम २.५ अपेक्षेइतकं उतरलं नाही. अमोनियाचा बराचसा उगम शेतीत आहे हे ठाऊक नसेल, तर अधिकारी पुन्हा पुन्हा चिमण्याच तपासत बसतील. माझ्या फिल्टरवर सगळ्यांत जड आकडा बऱ्याचदा नायट्रेटचा असतो, आणि तो कमी करायला खत देण्याची पद्धत बदलावी लागते. खत मातीत खोल दिलं तर अमोनिया कमी सुटतो आणि शेतकऱ्याचं खतही वाया जात नाही. ही वाट फिल्टरच्या रसायनातूनच दिसली.

कोरडवाहू

शेवटचा मुद्दा पटला. मी स्वतः शेती करतो. युरिया वरून फेकला की त्यातला बराचसा उडून जातो हे माहीत होतं, पण तो जाऊन कण होतो हे आज कळलं.

दूरवरून

मग एक अवघड प्रश्न. हे कण सूर्यप्रकाश परतवतात ना? हवा स्वच्छ केली तर पृथ्वी अधिक तापेल का?

धूलिकण

थोडी तापेल, हो. हे लपवून काही उपयोग नाही.

सल्फेट आणि नायट्रेट प्रकाश परत पाठवतात, काजळी तो शोषते. शिवाय कण जास्त असले की ढगातलं तेवढंच पाणी जास्त, पण लहान थेंबांत वाटलं जातं आणि ढग अधिक पांढराशुभ्र होतो. हे शॉन टूमी यांनी १९७० च्या दशकात मांडलं. पृथ्वीच्या उष्णतेच्या जमाखर्चावरच्या या सगळ्या परिणामाची बेरीज आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या) २०२१ च्या अहवालात उणे १.१ वॅट प्रति चौरस मीटर आहे (उणे म्हणजे थंडावा), पण उणे १.७ ते उणे ०.४ इतक्या रुंद पट्ट्यात. कार्बन डायऑक्साइडचा वाटा अधिक २.१६ च्या आसपास. म्हणजे तापमानवाढीचा बराच भाग कणांनी झाकून ठेवला आहे, आणि तो नेमका किती हे ढगांमुळे अजून पक्कं सांगता येत नाही.

जून १९९१ मध्ये पिनातुबो ज्वालामुखीने दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड स्थितांबरात फेकला, आणि पुढच्या वर्षी पृथ्वी सुमारे अर्धा अंश थंड झाली. तिथे पाऊस नाही, म्हणून ते कण वर्ष-दोन वर्षं टिकले. उलट बाजूने, १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आली आणि समुद्रावर जहाजांमागे उमटणाऱ्या ढगांच्या पांढऱ्या रेघा झपाट्याने विरळ झाल्या.

पण कण आठवडाभर टिकतात, कार्बन डायऑक्साइडचा परिणाम शतकानुशतकं. थंडावा टिकवायला दर आठवड्याला नव्याने लोकांच्या फुप्फुसात कण घालत राहायचं, असा हा सौदा आहे. तो मला मुळीच मान्य नाही. मिथेन कमी केला तर तापमान आणि ओझोन दोन्ही घटतात, तिथे अधिक जोर लावायला हवा असं माझं ठाम मत आहे.

मृद्गंधा

मी कमी किमतीचा सेन्सर खिडकीबाहेर लावला आहे. पहाटे आकडा दुपारच्या दुप्पट-तिप्पट होतो. पहाटे तर वर्दळ नसते. यंत्र बिघडलंय का?

धूलिकण

बहुधा नाही. हे सेन्सर कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतात आणि त्यावरून वजनाचा अंदाज करतात. अमोनियम सल्फेट आणि नायट्रेट पाणी शोषतात. आर्द्रता ९० टक्के झाली की अमोनियम सल्फेटच्या कणाचा व्यास सुमारे १.७ पट होतो, म्हणजे आकारमान जवळजवळ पाचपट. तुमचा सेन्सर त्या पाण्यालाही धूळ समजतो. प्रयोगशाळेत आम्ही फिल्टर ठरावीक तापमान आणि आर्द्रतेत ठेवूनच तोलतो ते यासाठी. काही यंत्रं हवा आत घेताना गरम करून पाणी उडवतात, पण जास्त गरम केली तर अमोनियम नायट्रेटही वायू होऊन निसटतं. तोल साधावा लागतो.

शेजारी आर्द्रतामापक ठेवा आणि आठवडाभर दोन्ही लिहून काढा.

मृद्गंधा

आठ दिवस नोंदी ठेवल्या. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की आकडा फुगतो, तुम्ही म्हणालात तसंच. पण दोन पहाटे हवा कोरडी होती, तरीही आकडा चढलेलाच होता. त्या दोन्ही रात्री आकाश निरभ्र होतं आणि वारा पडलेला होता.

धूलिकण

नोंदी सुरेख ठेवल्यात. त्या दोन पहाटेंचा आकडा खरा होता.

निरभ्र रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवाही. वर उबदार हवेचं झाकण बसतं, याला इन्व्हर्जन म्हणतात. दुपारी जो धूर दीड-दोन हजार मीटरच्या थरात मिसळतो तोच आता शे-दोनशे मीटरमध्ये कोंडतो. वर्दळ कमी असली तरी जागा त्याहून कमी झालेली असते. सकाळी ऊन चढल्यावर झाकण फुटतं. त्या दोन दिवशी आकडा किती वाजता उतरला ते तुमच्या वहीत असेल, तेवढं इथे लिहाल का?

मृद्गंधा

पहिल्या दिवशी साडेनऊ, दुसऱ्या दिवशी दहाला पाच कमी. दोन्ही वेळा पाऊण तासात निम्म्यावर आला.